रिव्हर्स

खालचा स्क्रू सोडला तेव्हा आधी तेल आलं नाही,
आलं पाणी, चमचाभर, विश्वामित्रीच्या वासाचं.
मग तेल. दूध जास्त पडलेल्या चहासारखं,
ॲल्युमिनियमच्या ताटलीत सावकाश पसरत.
"पाणी पेसी गयुं छे," नगीनभाई खरादी दारातूनच म्हणाले
आणि चपला न काढता आत आले.

स्क्रूच्या टोकाला चुंबक असतं,
त्यावर लोखंडाची काळी लव.
दिसायला काजळ, बोटांत चोळली की टोचते.

ही मोटर पंचवीस घोड्यांची. लिलावात
कुणीच बोली लावली नाही, म्हणून भावजींनी आणली.
नवापुऱ्यातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोन वर्षं शिकंज्यात अडकून होती.
आता त्यांचा हात थरथरतो,
पाने मी फिरवते. ते स्टुलावरून सांगतात,
"ओढू नकोस गं. बोलाव तिला, येईल."

आली. पण सहज नाही.
दोन दिवस रॉकेल पाजलं, तिसऱ्या दिवशी ज्योत दाखवली,
आणि नगीनभाईंनी छकड्याच्या जुन्या पट्टीतून
एक ओढणी घडवली, तेव्हा कुठे
बेअरिंगचं घर करकरत बाहेर.
पंपाच्या रबरी पाकळ्या सहाच्या सहा
एकाच बाजूला मान टाकून बसलेल्या.

दोन गिअरांच्या मधोमध सरकतो तो डॉग.
त्याचे पुढच्या बाजूचे कान शाबूत.
मागच्या बाजूचे गोल,
संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखे.
भावजींनी तो तळहातावर घेतला
आणि बराच वेळ परत दिला नाही.

अकोट्याच्या त्या गल्लीत, पुराच्या रात्री,
एक बाई कठड्यावरून पिशवी पुढे करत होती.
बोट भिंतीला घासत पुढे निघाली,
मागे घ्यायची म्हणून त्यांनी दांडा ओढला,
खट्, खट्, खट्, आणि पकड नाहीच.
पहाटे दुसरी बोट गेली.
बाई होती. पिशवी नव्हती.
पिशवीत काय होतं ते कुणी विचारलं नाही,
आणि भावजी तेव्हापासून म्हणत आले,
माझाच हात कचरला.

संध्याकाळी मी सील उचकटलं.
आत, ओठाखाली, शाफ्टला घट्ट गुंडाळलेला
मांजा. गुलाबी. काचेची धार अजून जिवंत,
माझ्या अंगठ्याला लागली.
कुठल्या गच्चीवरून तुटला असेल,
कुणी ओरडलं असेल "काप्यो छे!"
कदाचित मीच. उत्तरायणला माझा घसा बसलेलाच असतो.

मांज्याने सील कापलं,
सिलातून पाणी शिरलं,
पाण्याने बेअरिंग खाल्लं,
बेअरिंग ढिलं तर शाफ्ट डुलला,
शाफ्ट डुलला तर कान झिजले.
मी हे सगळं एका दमात सांगितलं.
भावजी म्हणाले, "रंग कुठला?"
"गुलाबी."
"हं," म्हणाले, आणि चहा मागितला.

मांजा त्या रात्रीआधी गुंतला की नंतर,
हे दोऱ्याला विचारून कळत नाही.
मी ते बोलले नाही.

मग वेरावळहून बसच्या टपावरून पंप आला,
रावपुऱ्यातून बेअरिंग,
डॉगचे कान नगीनभाईंनी भरून, कानशीने टोकदार केले.
दातांना निळा रंग लावून फिरवून पाहिलं:
ठसा दाताच्या टोकावर पडतोय.
एक पातळ चकती घातली. तरी टोकावर.
अजून एक. आता मधोमध,
तांदळाच्या दाण्याएवढा.

सायकलच्या पंपाने हवा भरून पेटी बादलीत बुडवली.
आम्ही तिघं बुडबुड्याची वाट बघत उकिडवे.
नाही आला.

निळ्या पिंपात मोटर चालू केली, शेड धुराने भरलं.
भावजी उठले. थरथरता हात दांड्यावर.
पुढे: पाणी माझ्या साडीवर.
मधे.
मागे: खट्, एकदाच,
आणि पिंप जागचं हललं.

त्यांनी परत पुढे टाकला. परत मागे.
परत मागे.
नगीनभाई म्हणाले, "बस, हवे बस,"
पण थांबवायला कुणी हात पुढे केला नाही.